बाटलीची मागची बाजू

आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही बाथरूमची खिडकी बघा. जाळीच्या कडेवर सात-आठ बाटल्या उभ्या असतात. कुणाची हिरवी, कुणाची काळी, कुणाची 'कांद्याची', एक रिकामी झाल्यावर पाणी घालून परत भरलेली. खाली नाणीघराच्या तोंडाशी फाडलेल्या पुड्या चिकटलेल्या. आणि रूममध्ये चर्चा एकच, "अगं, माझे केस फार गळतायत. तू कुठला वापरतेस?"

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपण सगळे होऊ घातलेले इंजिनिअर. मोबाईल घ्यायचा म्हटलं तर तीन रात्री जागून रॅम, प्रोसेसर, बॅटरी सगळं तोलून बघतो. साधं ब्रेडबोर्ड घेताना दुकानदाराशी वाद घालतो. पण शाम्पू घेताना काय बघतो? बाटलीवरच्या बाईचे केस! स्पेसिफिकेशन बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

म्हणून हा लेखप्रपंच. माझं म्हणणं सरळ आहे. शाम्पू म्हणजे डोकं धुण्याचा साबण. त्याच्याकडून धुण्याचं काम नीट करून घ्या, त्यापलीकडचं काही मागू नका. जे मागू नये ते मागितल्यामुळे आपले पैसे जातात, आणि पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वेळ जातो. तो कसा, ते पुढे सांगते.

आधी थोडी थिअरी. (घाबरू नका, केटी लागणार नाही!) डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. जिवंत भाग म्हणजे फक्त त्वचेखालचं मूळ. बाहेर दिसतो तो केराटिन या प्रथिनाचा मृत धागा. त्याला 'पोषण' देता येत नाही, जसं स्वेटरला जेवू घालता येत नाही. स्वेटर स्वच्छ ठेवता येतो, मऊ ठेवता येतो, उसवण्यापासून वाचवता येतो. बस्स. रोज ५० ते १०० केस गळणं हा तर निसर्गाचा हिशोब आहे. शाम्पू लावताना हातात येतात ते बहुतेक आधीच मुळापासून सुटलेले असतात. आठवड्यातून एकदाच डोक्यावरून आंघोळ केली की आठवड्याचे एकदम दिसतात आणि आपण किंचाळतो.

शाम्पू हा शब्द आपल्याच 'चंपी'चा भाऊ. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटनला चंपी-मालिशची स्नानगृहं काढली आणि तिथे हा शब्द गाजवला. आपल्या आज्ज्या मात्र शिकेकाई आणि रिठे उकळत होत्या. त्यात सॅपोनिन असतं, म्हणजे फेस आणणारं नैसर्गिक द्रव्य. आजच्या शाम्पूत तेच काम बहुतेक वेळा सोडियम लॉरेथ सल्फेट करतं. रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि मळ वाहून जातो. बाटलीवर शिकेकाईचं चित्र असलं तरी मागे वाचा. पहिल्या तीन-चार नावांत बहुधा हेच सल्फेट सापडेल. त्यात फसवणूक शोधू नका. धुणारा धुतोय, चित्र शोभेला आहे, एवढं कळलं म्हणजे झालं.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. आपण राहतो किनारपट्टीवर. अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या मुलामुलींना गोड्या पाण्याचं दुःख वेगळं सांगायला नको. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, बोअरचं पाणी जड लागतं. आपल्या हॉस्टेलच्या नळाच्या तोटीवर आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. अंगाच्या साबणाने डोकं धुणाऱ्या वीरांनी इथे लक्ष द्यावं (आणि असे वीर बॉईज हॉस्टेलमध्ये बरेच आहेत अशी खात्रीलायक बातमी आहे). साबण म्हणजे सोडियम स्टिअरेट वगैरे. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो बादलीच्या कडेला बसतो तसाच केसांवर बसतो. केस राठ, चिकट आणि निस्तेज होतात. वर साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात आणि डोक्याच्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास. शाम्पूतली द्रव्यं जड पाण्यात असा साका धरत नाहीत. तेव्हा आपल्याकडे साबणापेक्षा साधा, स्वस्तातला शाम्पूही केव्हाही बरा.

आणि मागच्या बाजूला आणखी एक ओळखीचं नाव दिसेल, डायसोडियम ईडीटीए. आठवलं का? पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत, वाइन रेडचा निळा होईपर्यंत डोळे फाडून बघत पाण्याचा जडपणा काढला होता, तोच हा ईडीटीए. धातूंच्या आयनांना तो चिमट्यासारखा पकडतो. जर्नल लिहिताना "याचा आयुष्यात उपयोग काय?" असं विचारणाऱ्या सर्वांना सविनय कळवण्यात येतं की तो तुमच्या डोक्यावर आहे!

एक मात्र लक्षात ठेवा. जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, विंचरताना मधून तुटतात. पण मुळापासून गळून टक्कल पडतं असं काही सिद्ध झालेलं नाही. तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं. पडलेला केस उचलून बघा. एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळापासून आला. नसेल तर तुटला. तुटण्यावर शाम्पू-कंडिशनरचा इलाज चालतो. गळण्यावर चालत नाही. सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

मग निवडायचा कसा? केस बघून नव्हे, डोक्याची त्वचा बघून. त्वचा तेलकट असेल, दुसऱ्या दिवशी केस चपटे बसत असतील, तर पातळ, पारदर्शक दिसणारा साधा शाम्पू. तो दिवसाआड किंवा गरज पडली तर रोजही चालतो. "रोज शाम्पू लावला की केस जातात" ही हॉस्टेलची दंतकथा आहे. त्वचा कोरडी असेल, केस लांब किंवा कुरळे असतील, रंगवलेले किंवा स्ट्रेट केलेले असतील, तर सौम्य शाम्पू आठवड्यातून दोनदा पुरतो. कोंडा असेल तर गोष्ट वेगळी. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाची बुरशी असते, ती डोक्यावरच्या तेलावर जगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर केस धड वाळत नाहीत, आणि त्यावर आपण रात्री तेल चोपडून झोपतो म्हणजे बुरशीला पंगतच वाढतो. मागच्या बाजूला केटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड यांपैकी नाव शोधा. आठवड्यातून दोनदा लावा, आणि लावून तीन ते पाच मिनिटं थांबा. बाहेर लाइन लागलेली असते, दारावर थापा पडतात, म्हणून आपण वीस सेकंदांत धुऊन टाकतो आणि म्हणतो, "काही फरक नाही यार!" औषधाला वेळच दिला नाही तर फरक पडेल कसा? महिनाभरात उतरला नाही तर मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

कंडिशनर हा प्रकार मुलं 'बायकी' म्हणून टाळतात आणि मुली शाम्पूसारखा डोक्याला चोळतात. दोन्ही चूक. ओल्या केसावर ऋण भार असतो. कंडिशनरमधले सेट्रिमोनियम क्लोराईडसारखे घटक धन भाराचे, ते केसावर चिकटतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतात. घर्षण कमी, गुंता कमी, तुटणं कमी. मेकॅनिकलवाल्यांनी ल्युब्रिकेशन समजावं. मग वंगण जिथे घासतं तिथेच घालायचं ना? म्हणून कंडिशनर कानाच्या खालच्या लांबीला आणि टोकांना. दोन मिनिटं ठेवून धुवायचा. डोक्याच्या त्वचेला लावला तर केस चिकट होणार आणि दोष कंपनीला! ज्याचे केस बोटभर आहेत त्याने कंडिशनरचे पैसे वाचवावेत आणि कँटीनला मिसळ खावी. घटकांत 'सेटिअरिल अल्कोहोल' दिसलं तर दचकू नका, ते मेणासारखं मऊ द्रव्य आहे, कोरडं करणारं अल्कोहोल नव्हे.

खोबरेल तेलाबद्दल आपल्या कोकणात वाईट बोलायची सोय नाही, आणि गरजही नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या रेले आणि मोहिले यांनी २००३ साली एक अभ्यास छापला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांत धुताना होणारी केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी केली. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच तो वाचायचा, पण कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलाचा रेणू लहान आणि सरळ, तो केसाच्या आत शिरतो. तेव्हा कोंडा नसेल तर धुण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला थोडं तेल. आईचं बरोबरच होतं म्हणायचं!

आता आपली एक बादली आणि एक मग यांत हे बसवायचं कसं? केस आधी पूर्ण भिजवा. लहान केसांना रुपयाच्या नाण्याएवढा शाम्पू पुरे. तळहातावर पाणी घालून पातळ करा, बोटांच्या पेरांनी फक्त त्वचेला चोळा, नखांनी नको. केसांची लांबी खाली उतरणाऱ्या फेसाने आपोआप धुतली जाते. अर्धी बादली धुण्यासाठीच राखा, कारण आत राहिलेला शाम्पू खाज आणतो. ओल्या केसांत बारीक फणी घालू नका, टॉवेलने घासू नका, दाबून टिपा. रविवारी काशीद-नागावला समुद्रात जाणार असाल तर आधी गोड्या पाण्याने केस भिजवून जा. भिजलेला केस खारं पाणी कमी पितो. आणि पावसाळ्यात, पहिले चार पाऊस छप्पर धुऊन गेल्यावर, पागोळीचं बादलीभर पाणी धरून बघा. त्यात साबणसुद्धा कसा फेसाळतो! जड आणि हलक्या पाण्याचा फरक पुस्तकाशिवाय कळेल.

हे झालं धुण्याचं. आता वेळ जातो म्हणाले होते त्याबद्दल. टीव्हीवरची केसगळतीची जाहिरात नीट बघा. 'केसगळती अमुक टक्के कमी' याच्या डोक्यावर एक चांदणी असते आणि तळाला मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'तुटल्यामुळे होणारी'. म्हणजे ते कंडिशनिंगबद्दल बोलतायत, मुळाबद्दल नाही. ही काळजी उगाच घेतलेली नाही. आपल्या ड्रग्ज रूल्स, १९४५ मध्ये 'शेड्यूल जे' नावाची यादी आहे. अमुक व्याधी बरी करतो असा दावा कुठल्याही औषधाने करू नये, अशा व्याधींची. त्यात टक्कल आहे, नवे केस उगवणं आहे, अकाली पांढरे होणंही आहे. जे औषधाने म्हणायचं नाही ते शाम्पू कुठून म्हणणार? तो चांदणी लावतो. आणि आपण चांदणी वाचत नाही.

माझ्या रूमपार्टनरचे केस तिसऱ्या सेमिस्टरला मूठमूठ जायला लागले. चार महिन्यांत तीन शाम्पू झाले, कांद्याचं तेल झालं, शहरात जाऊन 'हेअर स्पा' झाला. जिने चढताना ती धापा टाकायची, ते आम्ही सगळ्या "सबमिशनचं टेन्शन" म्हणून सोडून देत होतो. शेवटी सुट्टीत आईने रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन खूपच कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या, मेसमधली उसळ नाक न मुरडता पोटात जायला लागली, सहा-सात महिन्यांनी केस परत आले. रक्त कमी होतं ते चार महिने आधीच कळलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लेडीज हॉस्टेलमध्ये याचा अर्थ काय, तो हिशोब प्रत्येकीने करावा.

तसंच तापाचं. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, टायफॉईड आपल्याकडे पाहुण्यासारखे येतात. मोठा ताप आला की दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचा ताप आपण विसरतो आणि दिवाळीनंतर गळती सुरू झाली की हॉस्टेलच्या पाण्याला शिव्या घालतो. ती गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. त्या वेळी डोक्यावर जो शाम्पू असतो, त्याला फुकटचं श्रेय मिळतं! थायरॉइड, एकदम वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार ही आणखी कारणं. आणि मुलांनो, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकत असतील तर ती बहुतेक घराण्याची देणगी. त्यावर डॉक्टरांकडे औषधं आहेत, जितकी लवकर तितकी बरी, पण ती बाथरूमच्या खिडकीत नाहीत.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडलं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस चार-पाच दिवसांत झडून टक्कल पडू लागलं. लहान मुलं, बायका, म्हातारे, कुणी सुटलं नाही. सुरुवातीला संशय गेला पाण्यावर आणि बुरशीवर. आयसीएमआरची पथकं आली. आणि आपल्या रायगडमधून, महाडहून, डॉ. हिंमतराव बावस्करही तिथे गेले. विंचूदंशावरच्या कामासाठी जग ज्यांना ओळखतं आणि २०२२ साली ज्यांना पद्मश्री मिळाली, तेच हे डॉक्टर. त्यांनी रक्त, लघवी, केस आणि घरातलं धान्य असे नमुने तपासून घेतले. रक्तात सेलेनियम कितीतरी पट वाढलेलं निघालं आणि त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. कोंड्याच्या शाम्पूत सेलेनियमचं एक संयुग असतं ते वर सांगितलंच. डोक्यावर लावलं तर उपयोगी पडणाऱ्या संयुगातला तो धातूसारखा मूलघटक अन्नातून प्रमाणाबाहेर गेला तर केस झडतात. उत्तर बाटलीत नव्हतं, ताटात होतं. महाडचा एक डॉक्टर इतक्या लांब जाऊन ताट तपासतो, आणि आपण हाकेच्या अंतरावरच्या दवाखान्यात साधी रक्ततपासणी करायचा कंटाळा करतो!

जाता जाता पुडीबद्दल. शाम्पू पुडीतून विकायची कल्पना तामिळनाडूतल्या कडलूरची. १९८३ साली सी. के. रंगनाथन यांनी 'चिक' काढला आणि शाम्पू खेड्यापाड्यांत पोचला. गरिबाच्या डोक्यापर्यंत पोचलेल्या वस्तूला मी नावं ठेवणार नाही. नवा शाम्पू आजमावायला पुडीच चांगली. पण ही थरांची पुडी भंगारवाला घेत नाही. ती गटारातून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत जाते आणि भरतीला परत आपल्याच किनाऱ्यावर येते. शाम्पू जमला की बाटली घ्या. चौघींचा एकच असेल तर मोठी बाटली वर्गणीत घ्या. फणी मात्र वर्गणीत नको.

शेवटी सर-मॅडम आणि रेक्टर यांना दोन विनंत्या. पहिली, दर वर्षी शेकडो विद्यार्थी पाण्याचा जडपणा काढण्याचं प्रॅक्टिकल करतात. ते नमुना म्हणून हॉस्टेलच्या टाकीचं पाणी का घेऊ नयेत? भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आपला आकडा दर महिन्याला नोटीस बोर्डवर लागला तर "पाणीच खराब आहे" ही तक्रार खरी की खोटी, तेही कळेल. दुसरी, वर्षातून एकदा वजन-उंची मोजण्यापुरतं होणारं मेडिकल चेकअप हिमोग्लोबिनपर्यंत न्या.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एकच. पुढच्या वेळी दुकानात उभे राहाल तेव्हा बाटली फिरवा. मागे काय लिहिलंय ते वाचा. आणि केस मूठमूठ जात असतील तर बाटली परत फळीवर ठेवा, त्याच पैशात रक्त तपासून या.